सेशेल्समध्ये मित्रांसोबत खासगी बोटीने बेटे फिरायची असल्यास आखणी कशी करावी?

सहा मित्रांनी मिळून आठवडाभरासाठी शिडाची बोट भाड्याने घेऊन सेशेल्स फिरणे जमण्यासारखे आहे का आणि कोणती बेटे यादीत घ्यावीत, असे आपण विचारले आहे. जमण्यासारखे निश्चितच आहे. मात्र मित्रांसोबत हा प्रवास केल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की आधी महिना ठरवावा आणि बेटांची यादी सर्वांत शेवटी करावी, कारण कोणत्या किनाऱ्याजवळ रात्र काढता येईल हे तिथे वाराच ठरवतो.

माहे, प्रालँ आणि ला दीग ही मुख्य बेटे विषुववृत्ताच्या दक्षिणेला चार-पाच अंशांवर, म्हणजे चक्रीवादळांच्या नेहमीच्या पट्ट्याबाहेर आहेत, त्यामुळे बोटी वर्षभर फिरतात. मे ते ऑक्टोबर आग्नेयेकडून जोरदार, कोरडा वारा असतो. डिसेंबर ते मार्च तो वायव्येकडून येतो आणि पाऊसही अधिक पडतो. एप्रिल आणि नोव्हेंबर या संधिकाळात पाणी नितळ असते, परंतु वारा इतका पडतो की बराच प्रवास इंजिनावर करावा लागतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तरीही याच दोन महिन्यांतला एक निवडावा, असे मी सुचवेन.

वाऱ्याची दिशा किती महत्त्वाची आहे ते नकाशा उघडला की लगेच समजते. प्रालँच्या वायव्य टोकाचा आँस लाझियो हा अतिशय देखणा किनारा जुलैमध्ये आडोशाला असतो, तर जानेवारीत तिथेच लाटा थेट आत शिरतात आणि नांगरलेली बोट रात्रभर हेलकावत राहते. याउलट ला दीगचा ग्रँड आँस आग्नेय वाऱ्याच्या तोंडावर आहे. त्या मोसमात तिथे पाण्याची ओढ एवढी असते की पोहणे धोक्याचे ठरते, म्हणून बोट पश्चिमेच्या ला पास बंदरात ठेवून तिथे सायकलने जावे.

माहे ते प्रालँ हे अंतर सुमारे 25 सागरी मैल आहे आणि कॅटामरानला, म्हणजे जोड-सांगाड्याच्या शिडाच्या बोटीला, त्यासाठी साधारण चार-पाच तास लागतात. हा पट्टा खुल्या समुद्राचा असून आग्नेय वाऱ्यात लाट बाजूने येते, त्यामुळे ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी निघण्यापूर्वीच घ्यावी. त्यानंतरची अंतरे मात्र तासाभराची आहेत. क्युरियूझ बेटावर मोकळी फिरणारी महाकाय कासवे पाहण्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा. कुझँ हे पक्ष्यांसाठी राखीव बेट असल्यामुळे आपली बोट बाहेर थांबवून बेटावरच्या रक्षकांच्या होडीतून उतरावे लागते. उंदीर बेटावर पोहोचू नयेत म्हणून पाळला जाणारा हा नियम मला फार योग्य वाटतो.

बोट स्वतः चालवायची असल्यास भाड्याने देणाऱ्या कंपन्या नौकानयनाचे प्रमाणपत्र आणि अनुभवाची माहिती मागतात. आपल्यापैकी कोणाकडे ते असले, तरी पहिल्या वेळी स्थानिक स्किपर, म्हणजे बोट चालवणारा कप्तान, घ्यावाच. तीन केबिन आपल्याला आणि एक त्याला, असा हिशेब धरून चार केबिनची कॅटामरान पुरते. त्याचे खरे मोल नांगर टाकताना कळते. सूर्य पाठीशी ठेवून तो पाण्याचा रंग वाचत पुढे सरकतो: फिकट निळे म्हणजे वाळू, तपकिरी डाग म्हणजे प्रवाळ. नांगर वाळूवरच पडला पाहिजे, कारण साखळी प्रवाळावरून फरफटली तर वर्षानुवर्षांची वाढ काही मिनिटांत मोडते. खोलीच्या चार-पाच पट साखळी सोडून तो बोट हळूहळू मागे घेतो, साखळी ताणली जाऊन स्थिर होते, मग कोणीतरी मास्क लावून खाली पाहतो आणि नांगराचे टोक वाळूत पूर्ण रुतल्याची खात्री करतो. हे सारे दुपारी तीन-चारपर्यंत उरकलेले बरे, कारण सूर्य कलल्यावर सगळे पाणी एकाच रंगाचे दिसू लागते.

मित्रांमध्ये वाद होतो तो बहुधा गोड्या पाण्यावरून. टाकीत काही शे लिटरच पाणी असते, म्हणून अंगावरचे मीठ धुण्यापुरतीच अंघोळ आणि भांडी आधी समुद्राच्या पाण्यात, हे नियम पहिल्याच दिवशी सर्वांना स्पष्ट सांगावेत. खर्चाची वाटणी आणि स्वयंपाकाच्या पाळ्या मुंबईहून निघण्यापूर्वीच ठरवाव्यात. किराणा बहुतेक आयात होत असल्याने महाग पडतो. डाळी, मसाले आणि पोहे घरून न्यावेत, ताजी मासळी मात्र माहेवरील राजधानी व्हिक्टोरियाच्या बाजारात सकाळी उत्तम मिळते. भारतीय पासपोर्टवर आगाऊ व्हिसा लागत नाही, परंतु प्रवासापूर्वी ऑनलाइन परवानगी घेणे बंधनकारक आहे.

परतीच्या आदल्या रात्री प्रालँला थांबण्याचा मोह टाळावा. त्या दिवशी दुपारपर्यंत माहे गाठून जवळच्या सेंट अॅन सागरी उद्यानाच्या परिसरात मुक्काम करावा, म्हणजे सकाळी समुद्र खवळलेला असला तरी बोट वेळेवर परत करता येते आणि विमान चुकत नाही.