दगड आधी, मासे सगळ्यात शेवटी

खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी घेतलीस, छान! आता महिना-दीड महिना हात आवर.

दगड निवडताना रंग नको, वजन बघ. आकाराच्या मानाने हलका, सच्छिद्र दगड चांगला. माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू त्या छिद्रांतच वस्ती करतात. सुरुवातीला कोरडा दगड घे. जिवंत दगडाने (समुद्रातून जीवजंतूंसकट आणलेल्या) सायकल, म्हणजे टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढणं, लवकर होते हे खरं, पण त्याबरोबर एप्टेशिया (झपाट्याने पसरणारं उपद्रवी समुद्रफूल) आली की निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात. (माझी दोन वर्षं गेली त्यात.) दगड थेट काचेच्या तळावर रच, वाळू नंतर. वाळूवर रचलेला ढीग कधी ना कधी ढासळतो.

मग आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेलं) पाणी, त्यात समुद्री मीठ घालून खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), तापमान २५-२६ अंश, दिवे बंद. जिवाणूंना खाद्य म्हणून बाटलीतला अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाखांत २ भाग) घाल. जिवाणू अमोनिया पचवू लागले की आधी नायट्राइट चढेल, मग नायट्रेट. २ पीपीएम अमोनिया २४ तासांत शून्यावर आला, नायट्राइटही शून्य, की सायकल झाली. साधारण ४ ते ६ आठवडे धर.

नवखे इथे घसरतात:
- पाणी नितळ दिसलं म्हणून मासे सोडतात. अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, टेस्ट किट घे.
- तपकिरी थर दिसला की घाबरून दगड घासतात. ते डायटम (सूक्ष्म शैवाल) आहे, आपोआप जातं.

मासे सोडण्याआधी मोठा पाणीबदल कर. पहिल्यांदा एकच मासा. प्रवाळांचं नंतर बोलू.