बोटीच्या डिझेल इंजिनचं ऑइल दुधाळ झालंय. नुसतं ऑइल बदलून भागेल का?

तुमचा प्रश्न असा: इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) डिझेल इंजिनच्या डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतंय, पातळीही वर चढलीय, ऑइल-फिल्टर बदलून निघालं तर चालेल का?

नाही चालणार. पाणी ज्या वाटेने आलं ती वाट बंद केली नाही, तर नवं ऑइलही तसंच होईल. आणि त्याआधी एक गोष्ट: आत्ता सेल्फ अजिबात मारू नका. पाणी सिलिंडरमध्येही असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तसं झालं की पाच-सहा डबे ऑइलचं काम पूर्ण इंजिन खोलण्यावर जातं.

आधी समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करा. सगळी नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे इंजेक्टर) काढा. ग्लो प्लग (थंड इंजिन लागावं म्हणून सिलिंडर तापवणारे) असतील तर ते काढलेत तरी पुरे. डिझेल बंद करणारा स्टॉप लिव्हर ओढून ठेवा, भोकांवर फडकी टाका आणि क्रँकच्या नटाला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवा. उलटं फिरवलं तर समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपाच्या इम्पेलरच्या (आतल्या रबरी चाकाच्या) पात्या दुमडतात. हाताने मोकळं फिरलं, तरच सेल्फ दोन-तीन सेकंद मारून उरलेलं पाणी उडवा. त्या वेळी भोकांसमोर तोंड नको, पाणी जोरात येतं. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल ओतून पुन्हा हाताने फिरवा. खारं पाणी असेल तर हे सगळं त्याच दिवशी उरका. रिंगा, लायनर आणि बेअरिंगवर गंज चढायला काही तास पुरतात.

आता पाणी आलं कुठून? माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच समुद्राच्या पाण्याच्या पंपाकडे (सी-वॉटर पंप) होतं. गिअरवर चालणाऱ्या पंपात दोन सील असतात, एक पाण्याचं, एक ऑइलचं, आणि मधे खालच्या बाजूला गळतीसाठी छोटं भोक. पाण्याचं सील गेलं की त्या भोकातून थेंब पडतात, तीच सूचना. ते भोक मिठाने किंवा रंगाने बुजलेलं असेल तर पाणी ऑइलच्या सीलमधून थेट आत जातं. तार घालून भोक मोकळं करून बघा.

इंजिन बंद असताना पाणी भरलं असेल तर एक्झॉस्टकडे बघा. सायफन तोडणाऱ्या लूपचा (पाण्याच्या नळीच्या उंच नेलेल्या बाकाचा) हवा घेणारा व्हॉल्व्ह मिठाने चिकटला की समुद्राचं पाणी आपोआप सायलेन्सरमध्ये, तिथून उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये आणि रिंगांवरून चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं तिथे) उतरतं. इंजिन लागत नाही म्हणून सेल्फ मारतच राहिलं तरी हेच होतं: पंप पाणी टाकत राहतो आणि ते ढकलायला धूर नसतो. अशा वेळी कॉक बंद ठेवून सेल्फ मारावा आणि इंजिन लागताक्षणी कॉक उघडावा. एक्झॉस्ट एल्बोही (धुरात समुद्राचं पाणी मिसळतं तो वाकडा पाइप) काढून आतून बघा, तो बाहेरून धड दिसतो आणि आतून खाल्लेला असतो.

कूलंटची टाकी कमी होत असेल तर हेड गॅस्केट, लायनरचे ओ-रिंग किंवा ऑइल कूलर. कूलर काढून एक तोंड बंद करा, दुसऱ्यातून हलका हवेचा दाब द्या आणि पाण्यात बुडवा. बुडबुडे आले की कारण सापडलं. ऑइल भरायच्या झाकणाखाली नुसती फिकट साय असेल आणि डिपस्टिक स्वच्छ असेल, तर ती बहुधा थंड इंजिन थोडा थोडा वेळ चालवल्याने साचलेली ओल असते. तासभर लोडवर चालवलं की जाते.

वाट बंद झाली की मग ऑइल. डिपस्टिकच्या नळीतून पंपाने खेचता येतं, पण नळी नेहमी तळाला टेकत नाही आणि सुटं पाणी तळालाच बसतं, म्हणून ड्रेन नट गाठता येत असेल तर तोच उघडा. नवा फिल्टर लावा, त्याच ग्रेडचं स्वस्त ऑइल खालच्या खुणेपर्यंत भरा, नोझलचे तांब्याचे वॉशर नवे घाला. नोझल बसवण्याआधी ऑइलचा दाब येईपर्यंत सेल्फ मारा. मग लोडविना पाच-दहा मिनिटं चालवा आणि गरम असतानाच ऑइल काढा. ऑइलच्या वाहिन्यांत आणि कूलरमध्ये जुनं ऑइल अडकतं, त्यामुळे एका फेरीत पूर्ण साफ होत नाही. तीन ते पाच फेऱ्या धरून चला. पाच लिटर ऑइल मावणाऱ्या इंजिनला पंधरा ते पंचवीस लिटर ऑइल लागेल. ऑइलमध्ये डिझेल मिसळून धुणारे लोक आहेत. मी ते करत नाही, कारण बेअरिंगवरचा थर पातळ होतो.

खात्री करायची असेल तर तव्यावर थेंब टाका. तवा साधारण १३० ते १५० अंश गरम हवा. तडतडलं तर पाणी आहे. डोळ्यांवर चष्मा हवा. शेवटच्या फेरीत बोट घट्ट बांधून गिअरमध्ये हलक्या लोडवर अर्धा तास चालवा, म्हणजे ८० अंशांच्या आसपास उरलेली ओल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) निघते. थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणारी इंजिनं एवढी तापतच नाहीत, त्यांना एक-दोन फेऱ्या जास्त द्या. नंतर दहा तासांनी ऑइल-फिल्टर पुन्हा बदला. ठक-ठक आवाज किंवा एका सिलिंडरचं कमी कॉम्प्रेशन दिसलं, तर रॉड वाकल्याचा संशय धरून थांबा.

मेकॅनिक यायला दिवस लागणार असतील, तर पाणी काढून इंजिन ऑइलने काठोकाठ भरून ठेवा आणि भरलेलं असताना सेल्फ मारू नका. काढलेलं दुधाळ ऑइल डब्यात भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडेच द्या, बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी) सोडू नका.