ब्लूई या ऑस्ट्रेलियन कार्टूनवरचा व्हिडिओ गेम पाच वर्षांच्या मुलीसाठी घ्यावा का? लोक त्याला इतकी नावं का ठेवतात?

पूर्ण किंमत मोजून घेऊ नका. सेलमध्ये निम्म्याहून कमी किमतीला मिळत असेल आणि घरात दोन कंट्रोलर असतील, तर घ्यायला हरकत नाही. एवढ्यावर तुमचं काम भागत असेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

तुम्ही लिहिलंय की मुलीला ब्लूईचे भाग तोंडपाठ आहेत. माझ्या भाचीचंही तेच. आम्ही दोघं हा गेम बसून खेळलोय, ती तेव्हा साडेपाच वर्षांची होती. पडद्यावर घर उघडलं आणि ती ओरडलीच, "मामा, हे त्यांचंच घर आहे!" आणि ते होतंही तसंच. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनकडे जमिनीपासून उचललेली, व्हरांड्याची लाकडी घरं असतात, त्यातलं ब्लूईच्या हीलर कुटुंबाचं घर खोल्यांच्या रचनेसकट हुबेहूब उभं केलंय. या बाबतीत गेम करणाऱ्यांचं कौतुक करायलाच हवं. बाहेर बागेतलं खेळायचं मैदान आहे, ओढा आहे, समुद्रकिनारा आहे. चौघं एकत्र खेळू शकतात आणि आई-बाबासुद्धा पात्रं म्हणून घेता येतात.

मग बिनसलं कुठे? हा गेम 17 नोव्हेंबर 2023 ला आला, किंमत 40 डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने 3300 रुपयांच्या आसपास. त्यात गोष्ट आहे चार भागांची. परीक्षणं लिहिणाऱ्या बहुतेकांची ती फार तर दोन तासांत संपली, आणि मुख्य ओरड त्याचीच झाली. तांत्रिक गडबडींबद्दलही बरंच लिहून आलं. आमच्याकडे गोष्ट संपल्यावर भाची शांतपणे म्हणाली, "आता पुढचा भाग लाव." तिच्या लेखी तो कार्टूनचाच एक लांबलेला भाग होता.

पण मला विचाराल तर लांबी हा खरा मुद्दा नाही. ब्लूईचा एक भाग सात मिनिटांचा असतो, म्हणून कुणी त्याला तोकडा म्हणत नाही.

पहिलाच भाग आठवा. ब्लूई आणि तिच्या बहिणीला एक जादूचं झायलोफोन, म्हणजे पट्ट्यांचं वाद्य, सापडतं, ते वाजवलं की बाबा जागच्या जागी थिजतो. आपण 'स्टॅच्यू' म्हणून खेळायचो ना, तेच. त्या सात मिनिटांत थिजणं हे नुसतं निमित्त आहे. खरी मजा 'आता माझी पाळी' या भांडणात आहे, आणि भर बागेत पुतळा होऊन उभं राहायला तयार असलेल्या बाबाच्या फजितीत आहे. फुगा खाली पडू द्यायचा नाही, या भागातही तसंच. बाबा मुद्दाम ते अवघड करत जातो आणि पोरींना ते अवघडच हवं असतं. फरशीला पाय लावायचा नाही, हा तर आपल्या डोंगर-पाण्याचा चुलत भाऊ.

हे सगळे खेळ गेममध्ये आहेत. पण आहेत ते फक्त त्यांचे नियम. फुगा उडवा, पळा, उडी मारा, वस्तू गोळा करा. रुसणं नाही, चिडवणं नाही, 'असं नाही, आता मी डॉक्टर' म्हणून मध्येच नियम बदलणं नाही. भातुकलीत पानाची पोळी होते ती पोरांनी तसं ठरवल्यामुळे. गेममध्ये बटण दाबलं की काय होणार, हे आधीच कुणीतरी ठरवून ठेवलंय, आणि ठरवलंय तेही फार थोडं. हे जमवणं सोपं नाही, हे मला मान्य आहे. पण ब्लूईचं नाव लावून 40 डॉलर मागायचे तर निदान प्रयत्न तरी दिसायला हवा होता.

मुलांच्या कार्टूनवरचे बरेचसे गेम असे का निघतात, याला धंद्याचंही कारण आहे. नावाच्या हक्कासाठी पैसे द्यावे लागतात, आणि गेम नाताळाच्या खरेदीआधी दुकानात पोचावाच लागतो. वर विकत घेणारे आपण आणि खेळणारं पोर. आपण वेष्टणावरचा चेहरा बघतो आणि घेतो. 1999 मध्ये सुपरमॅनच्या कार्टून मालिकेवरून एक गेम आला होता, त्यात बिचारा सुपरमॅन धुक्यातून कड्यांमागून कड्या पार करत उडत राहायचा. वाईट गेमचं उदाहरण म्हणून आजही त्याचंच नाव घेतात.

पण 'कार्टूनचा गेम म्हणजे टाकाऊच' हेही मला पटत नाही. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर आपण हिंदीत 'डकटेल्स' बघत मोठे झालो. त्याच्यावर कॅपकॉम या जपानी कंपनीने 1989 मध्ये गेम काढला होता. त्यात अंकल स्क्रूज आपल्या काठीवर टणाटण उड्या मारत खजिना गोळा करतो. हिमालयाच्या टप्प्यात काठी बर्फात रुतते, तेव्हा उडी कुठे मारायची याचा विचार करावा लागतो. एक काठी घेतली आणि तिच्यावर अख्खा गेम तोलला. म्हातारा कंजूष, चपळ आणि हट्टी आहे, हे तुम्हाला न सांगता खेळताना कळतं. हक्क, मुदती हे सगळं तेव्हाही होतंच की.

आता तुमच्या प्रश्नाकडे. मुलीला एकटीला खेळायला देऊन स्वयंपाक उरकायचा बेत असेल तर नका घेऊ, ती लवकर कंटाळेल. तुम्ही शेजारी बसून चिली (ब्लूईची आई) किंवा बँडिट (बाबा) होणार असाल तर फुग्याचा खेळ बरेच दिवस चालेल, आमच्याकडे चालला. गोष्ट पहिल्याच दिवशी सुरू करू नका, आधी नुसतं घरात हिंडू द्या. भाची पाऊण तास स्वयंपाकघर आणि पोरींची खोली एवढ्यातच फिरत होती, आणि तिला त्यात काही कमी वाटलं नाही.

आणखी एक. फ्रूट निंजा करणारी ब्रिस्बेनचीच कंपनी हाफब्रिक, तिने ब्लूईचा वेगळा गेम केलाय आणि त्यात जो ब्रम या कार्टूनच्या कर्त्याचा स्वतःचा सहभाग आहे. मी तो अजून खेळलेलो नाही. घाई नसेल तर पैसे देण्याआधी त्याचे व्हिडिओ एकदा बघून घ्या.