मामीच्या गिफ्टचे हप्ते

प्रिय ताई,
माझी नणंद माझ्या मुलाला दर वाढदिवसाला महागडं गिफ्ट देते. तिच्या तोडीचं द्यायचं म्हणून यंदा भाचीसाठी मी कार्डावर हप्ते करून टॅब घेतला. तो कपाटातच आहे, वाढदिवसाला अजून तीन आठवडे आहेत. शिवाय ऑफिसची वर्गणी, मुलाच्या मित्रांचे वाढदिवस, मैत्रिणींकडची कार्यं चालूच असतात. नवरा म्हणतो, "कुणाला काही देऊच नकोस." पण हात आखडता घेतला तर लोक कंजूस म्हणतील. काय करू?
– हिशेबात अडकलेली

प्रिय हिशेबात अडकलेली,

नवऱ्याचं आधी उरकते. त्याला असं म्हणणं परवडतं, कारण त्याच्या भाचीचं गिफ्ट शोधायचं, आणायचं आणि ते कमी पडलं तर टोमणेही ऐकायचे हे खातं तुझ्याकडे आहे. त्याच्या बाजूच्या नातेवाइकांची गिफ्टं वर्षभर त्याच्यावर सोपव. सल्ला देण्याची हौस फिटेल.

आता नणंद. ती देते म्हणून तू देतेस, तू दिलंस म्हणून ती पुढच्या खेपेला थोडं चढवते. आधी जी थांबेल तिचं नाक कापलं जाईल, ही धास्ती मला वाटतं दोघींनाही आहे. तिला फोन कर, आणि याच आठवड्यात कर. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी तेच बोललीस तर बहाणा वाटेल. "मुलांच्या गिफ्टचं आपण दोघींनी जरा आवरतं घेऊया का? मला सध्या झेपत नाहीये." बस, एवढंच. घराचे हप्ते, शाळेची फी, सासऱ्यांची औषधं असा पाढा वाचू नकोस. वाचलास की ती हळहळेल आणि गिफ्ट मात्र तेवढंच मोठं आणेल. त्याच फोनवर दोघींनी मिळून एक आकडा ठरवा, म्हणजे पुन्हा अंदाज बांधत बसायला नको. "अगं, आम्ही प्रेमाने देतो, तू नको देऊस" असं ती म्हणालीच, तर तिला खुशाल देऊ दे. तू झेपेल तेवढंच दे आणि वर सारवासारव करू नकोस.

स्वस्तातलं दिलं तर किंमत राहत नाही, ही भीती देणाऱ्याच्याच डोक्यात जास्त असते. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स या संशोधकांनी २००९ साली नेमकं हेच तपासलं. गिफ्ट जितकं महाग तितकं समोरच्याला आवडेल, असं देणाऱ्यांना वाटत होतं. घेणाऱ्यांच्या आनंदाचा मात्र किमतीशी तसा संबंध दिसला नाही. त्याच्या बरंच आधी, १९९३ मध्ये, जोएल वॉल्डफोगेल या अर्थतज्ज्ञाने विद्यार्थ्यांना विचारलं होतं, की मिळालेल्या वस्तूंची तुमच्या लेखी किंमत किती? देणाऱ्याने मोजले त्यापेक्षा ती एक दशांश ते एक तृतीयांश कमी भरली. मित्रमैत्रिणींचा अंदाज त्यातल्या त्यात बरा होता. काका, मामी, आजी-आजोबा या मंडळींचा जास्त चुकत होता. तेव्हा मामीबाई, भाचीला काय हवंय ते तिलाच विचार. सरप्राइजचा हट्ट आपल्या हौसेचा असतो, आणि त्याचे पैसेही आपलेच जातात.

बाकीच्या खर्चासाठी एकदा बसून गेल्या वर्षी कुणाकुणाला काय दिलंस ते लिही. नावं वाचताना दोन-चार ठिकाणी तुझं तुलाच वाटेल, यांना मी का देतेय? तिथे पुढच्या वेळी मनापासून केलेला फोन पुरतो. उरलेल्यांचा वर्षाचा अंदाज काढ, बाराने भाग आणि तेवढी रक्कम दर महिन्याला बाजूला टाक. ती संपली की संपली. गिफ्टसाठी कार्डाला हात लावायचा नाही, यावर मी अडून बसणार आहे.

सगळ्यात जास्त पैसे घाईत जातात. संध्याकाळी सहाला कार्यक्रम आणि पाचला दुकानात, अशा वेळी माणूस किंमत बघत नाही, सुटका बघतो. फोनमध्ये प्रत्येकाच्या नावाने एक नोंद ठेव. मैत्रीण बोलता बोलता म्हणाली, "माझी छत्री मोडलीय," की लगेच टिपून ठेवायचं. चार महिन्यांनी तिला चांगली छत्री दिलीस, तर ती किंमत विचारणार नाही, "तुझ्या लक्षात होतं?" असं विचारेल.

घरात पडून असलेली नवी कोरी गिफ्टं पुढे सरकवायला माझी ना नाही. फक्त कुणी दिलं ते खोक्यावर पेन्सिलीने लिहून ठेव, म्हणजे ज्याचं त्यालाच परत जाणार नाही. देताना ते खोडायचं, आणि आतही बघायचं. पुस्तकाच्या पहिल्या पानावर "चि. अमुकला, सप्रेम" असतं, चादरीच्या घडीत जुनं कार्ड निघतं, आणि मग वर्षानुवर्षं तोंड लपवावं लागतं.

ऑफिसात सगळ्यांसाठी एकच रक्कम ठरव, साहेबांसाठीही तीच. हाताने बनवून देण्याचा सल्ला मी सहसा देत नाही. रंग, कॅनव्हास, लोकर यांचा खर्च तयार वस्तूच्या किमतीच्या वर जातो आणि रात्रीची झोप जाते ती वेगळीच. विणणं-शिवणं तू एरवी करत असशील तर गोष्ट निराळी. चकचकीत वेष्टनावरही पैसे घालवू नकोस. तो कागद फाडायला पाच सेकंद लागतात.

राहिला टॅब. परत करून टाक. आधी दुकानाची परतीची मुदत आणि अटी बघ. खोकं फोडलेलं नसेल, पावती असेल, तर घेण्याची शक्यता बरी असते. दुकानाने पैसे परत केले म्हणजे हप्ते आपोआप थांबले असं धरून चालू नकोस. पुष्कळदा हप्ते चालूच राहतात आणि परत आलेली रक्कम कार्डावर नुसती जमा दिसते. बँकेला फोन करून हप्ते रद्द करायला सांग, तक्रार क्रमांक लिहून घे आणि पुढच्या दोन महिन्यांची बिलं तपास. प्रोसेसिंग फी बहुधा परत मिळणार नाही, ती सोडून दे. दुकान परत घेत नसेल, तर टॅब भाचीलाच दे आणि नणंदेला फोनवरच सांगून टाक, "या वर्षीचं आधीच घेऊन ठेवलंय, आकडा पुढच्या वाढदिवसापासून."

– तुझी ताई