चाकू, सुरी आणि आजोबांच्या पेटीतली वस्तू

प्रश्न असा आला आहे: ‘आजोबांच्या पेटीत दोन पात्यांचा, मिटणारा जुना चाकू सापडला. पात्याच्या बुडाशी शेफील्डचं, म्हणजे चाकू-सुऱ्यांसाठी नावाजलेल्या इंग्लंडमधल्या शहराचं, नाव आहे. मला असे आणखी जमवायचे आहेत. पण पॉकेट नाइफला मराठीत काय म्हणू? खिसाचाकू? घडीची सुरी? आणि चाकू व सुरी यांत मुळात फरक आहे का?’

फरक आहे, आणि तो मला फार आवडतो. कारण तुम्हाला हवा असलेला शब्द तुम्ही प्रश्नातच वापरला आहे.

आधी सुरी. ही घरचीच. संस्कृतात क्षुर म्हणजे वस्तरा (क्षौर त्यातूनच आलं), त्याची छोटी क्षुरिका, छुरिका. हिंदीत छुरी झाली, आपल्याकडे सुरी. हिंदीत जिथे छ राहिला तिथे मराठीत पुष्कळदा स किंवा श मिळतो. पूछना आणि पुसणे, छूटना आणि सुटणे, छाल आणि साल, मूँछ आणि मिशी या जोड्या बघा. लाकूड तासतो ते तासणेही तक्ष् धातूपासून याच वाटेने आलं. म्हणजे सुरी या एका शब्दात मराठीच्या जडणघडणीची अख्खी खूण आहे. तिचं पातं मुठीत पक्कं बसवलेलं असतं. गळ्यावर फिरते ती सुरीच, आणि सोन्याची झाली तरी उरी मारून घेता येत नाही तीही सुरीच. म्हणींमध्ये तिथे चाकू घालून पाहा, कानाला लगेच खटकतं.

चाकू पाहुणा आहे. फारसीतून आला, आणि फारसीत तुर्कीतून. आजच्या तुर्कीतही ‘चाकी’ म्हणजे खिशात ठेवायचा मिटता चाकू. साध्या सुरीला तिथे ‘बिचाक’ म्हणतात. फारसीतही स्थिर पात्याचा तो ‘कार्द’ आणि मिटतो तो ‘चाकू’, असा भेद आहे. इराणमधलं झंजान शहर अशा चाकूंसाठीच नावाजलेलं. थोडक्यात, मिटणं हे या शब्दाच्या पोटातच आहे. ‘घडीचा चाकू’ म्हणताना आपण तेच दोनदा सांगतो.

मग मराठीत हा अर्थ पातळ का झाला? माझं मत असं: आपल्या स्वयंपाकघरात काम विळीचं होतं. चाकू राहायचा खिशात, दप्तरात, शेतावर. विळी मागे पडून ओट्यावर उभ्याने भाजी चिरणं सुरू झालं, तेव्हा त्या नव्या पात्याला चाकू हेच नाव चिकटलं आणि मिटण्याची अट गळून पडली. त्यामुळे आज स्पष्ट करायचंच असेल तर ‘मिटता चाकू’ म्हणा. बोलीतला ‘घडीचा चाकू’ही छान आहे. ‘खिसाचाकू’ मात्र नको. तो कोणी बोलत नाही. आणि ‘घडीची सुरी’ तर सुरीवर अन्यायच आहे.

दप्तरावरून आठवलं. इंग्रजी पेननाइफमधलं पेन म्हणजे पिसाची लेखणी. लॅटिन पेन्ना म्हणजे पीसच. त्या पिसाला टोक काढायला लहान चाकू लागायचा. फारसीत याच वस्तूला ‘कलमतराश’ म्हणतात, कलम तासणारा. आपल्याकडे बोरू होता. देवनागरी अक्षराला जाड-बारीक वळण यावं म्हणून त्याचं टोक तिरकं कापायचं, आणि त्यासाठी पातं लहान पण अतिशय धारदार हवं. तुमच्या चाकूचं दुसरं, छोटं पातं बहुधा या कामाच्या जातीचं आहे. त्याने कोणीतरी बोरू नाहीतर पेन्सिल तासली असेल, या विचाराने मला ती वस्तू हातात घ्यावीशी वाटते.

‘रामपुरी’ हे वेगळं कुळ. उत्तर प्रदेशातल्या रामपूरवरून पडलेलं नाव. तो खटक्याचा चाकू. मुंबईच्या चित्रपटांनी त्याला गुंडाच्या हातात दिलं आणि शब्दालाही तोच वास लागला. रामपूरकरांना मात्र आपल्या कारागिरीचा अभिमान आहे. २०२३ साली त्यांनी चौकात सुमारे २० फुटी चाकू उभारला.

आता जमवायचे आहेत तर अवयवांचे शब्दही हवेत. पातं, मूठ, पातं उघडायला नखाची खाच, आणि मुठीच्या पाठीत दडलेली कमान. घड्याळातली तीच ही कमान. उत्तम जुन्या चाकूत ती इतकी नेमकी असते की पातं उघडताना आणि मिटताना टक्क असा स्वच्छ आवाज येतो. माझ्या लेखी त्या आवाजावरून चाकूची पारख निम्मी होते. इंग्रजीत ‘स्टॅग’ लिहिलेली मूठ दिसली तर ते बहुतेकदा सांबरशिंग समजा. ही शिंगं भारतातूनच शेफील्डला जात असत.

बुडाशी कोरलेली अक्षरं भिंगाखाली वाचा. तारा आणि त्याशेजारी माल्टाचा क्रूस असेल तर चाकू जोसेफ रॉजर्स या शेफील्डच्या कंपनीचा. ‘आय’, तारा, ‘एक्स एल’ असं असेल तर तिथल्याच वोस्टनहोम कंपनीचा. भरभर वाचलं की त्याचा ‘आय एक्सेल’ होतो, म्हणजे ‘मी सरस’. शब्दवेड्या माणसाला याहून गोड शिक्का सापडणार नाही. शेफील्डखाली ‘इंग्लंड’ असेल तर चाकू बहुधा १८९१ नंतरचा, कारण अमेरिकेच्या नव्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव टाकणं तेव्हा सक्तीचं झालं.

एक विनंती. पोलादी पातं वापराने काळवंडतं, तो रंग गंज नव्हे. गंज हलक्या हाताने काढा, तेलाचं बोट फिरवा, पण तो काळपट थर घासून चकचकीत करू नका. आणि पेटीवर चिठ्ठी लावाल तेव्हा लिहा: ‘शेफील्डचा चाकू, दोन पाती’. तुर्कांपासून आपल्यापर्यंत आलेल्या शब्दाला तेवढं पुरतं.