वाचक विचारतात : स्कायरिममध्ये वंश कोणता घ्यावा?

संगणकावरील खेळांविषयीच्या या सदराकडे या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच प्रश्नाची होती, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहे. चारांपैकी तिघांचा खेळ एकच आहे : बेथेस्डाचा, ११ नोव्हेंबर २०११ रोजी प्रकाशित झालेला ‘द एल्डर स्क्रोल्स ५ : स्कायरिम’. खेळाच्या आरंभी आपले पात्र दहा वंशांपैकी कोणत्या वंशाचे असावे, हे ठरवावे लागते आणि बहुतेकांचे पाऊल तिथेच अडते. पत्रांत कोणी ‘रेस’ असे लिहिले आहे, तर कोणी ‘जात’. मराठीत ‘जात’ या शब्दाला जो इतिहास चिकटलेला आहे तो या खेळात ओढून आणू नये असे मला मनापासून वाटते, म्हणून खाली सगळीकडे ‘वंश’ हा शब्द ठेवला आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुना लॅपटॉप घेतला आणि सेलमध्ये स्कायरिम घेतला. मला तलवार आणि धनुष्य घेऊन खेळायचे आहे, पण प्रत्येक व्हिडिओत ‘ब्रेटन हाच सर्वांत बलवान’ असे सांगतात. दोन दिवस झाले, मी वंश निवडण्याच्या पडद्यापुढे सरकलेलो नाही. चुकीचा वंश घेतला तर पुढचा सगळा खेळ वाया जाईल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : वाया जाणार नाही. का जाणार नाही, हे मात्र आकड्यांनिशी पाहू, कारण तुमची भीती आकड्यांतूनच आलेली आहे.

स्कायरिममध्ये एकूण अठरा कौशल्ये आहेत आणि त्यांतले प्रत्येक कौशल्य १५ पासून सुरू होते. तुमचा वंश त्यांपैकी एका कौशल्यात १० आणि पाच कौशल्यांत प्रत्येकी ५ गुणांची भर घालतो. म्हणजे कोणताही वंश घ्या, भर ३५ गुणांचीच असते. आता समजा, एकाचे एकहाती शस्त्रांचे कौशल्य २५ पासून सुरू झाले आणि दुसऱ्याचे १५ पासून. वरवर पाहता दुसरा मागे पडला. पण या खेळात पात्राची लेव्हल कौशल्ये वाढवूनच वाढते, आणि कौशल्य ज्या आकड्यावर पोहोचते तेवढेच गुण लेव्हलच्या खात्यात जमा होतात. १५ वरून २५ पर्यंत जाताना १६, १७, १८ असे करत २५ पर्यंतचे सगळे आकडे जमा होतात. त्यांची बेरीज २०५ होते. पहिल्या लेव्हलवरून दुसऱ्या लेव्हलवर जायला १०० गुण लागतात आणि दुसरीवरून तिसरीवर जायला १२५. म्हणजे ज्याने १५ पासून सुरुवात केली तो २५ वर पोहोचेपर्यंत एक लेव्हल चढलेला असतो आणि दुसरी जवळजवळ त्याच्या हातात आलेली असते, तर ज्याला २५ आयते मिळाले त्याला ही चढण मिळतच नाही. प्रत्येक लेव्हलमागे एक पर्क (कौशल्याला जोडलेली खास क्षमता) मिळतो, शिवाय हेल्थ (जीवनशक्ती), मॅजिका (जादूसाठी लागणारी शक्ती) किंवा स्टॅमिना (दम) यांपैकी एकात १० गुण वाढवता येतात, हे लक्षात घेतले म्हणजे सुरुवातीच्या गुणांचे वजन किती कमी आहे हे कळते. पहिल्या काही तासांत त्यांचा आधार वाटतो, पण वीस तासांनंतर त्यांची खूणही उरत नाही.

टिकून राहतो तो वंशाचा अंगचा गुण. नॉर्डच्या, म्हणजे स्कायरिमच्या मूळ रहिवाशांच्या, अंगी ५० टक्के थंडीरोध असतो आणि तो शेवटपर्यंत राहतो. डनमर या काळ्या एल्फांना तसाच अग्निरोध मिळतो, तर रेडगार्ड आणि बॉस्मर (रानातले एल्फ) यांना विषरोध. आल्टमर या उच्च एल्फांना ५० मॅजिका जास्त मिळते, सरड्यासारखा आर्गोनियन पाण्याखाली श्वास घेऊ शकतो आणि मांजरासारख्या खजीटला अंधारात हवे तितक्या वेळा पाहता येते. याशिवाय बहुतेक वंशांना दिवसातून एकदाच वापरता येणारी एक शक्ती असते. त्यांत ऑर्कची शक्ती सर्वांत घणाघाती आहे : साठ सेकंद तो दुप्पट मारतो आणि निम्माच मार खातो.

ब्रेटनविषयी व्हिडिओत जे सांगतात ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. त्याला २५ टक्के जादूरोध जन्मजात असतो आणि जादूरोध आग, थंडी, वीज या सगळ्यांवर चालतो, म्हणून तो मोलाचा आहे. पण हा गुण इतरांनाही मिळवता येतो. लॉर्ड स्टोन या जादूच्या शिळेला हात लावला की २५ टक्के मिळतात, अल्टरेशन या जादूतल्या पर्कचे तिन्ही टप्पे घेतले की ३० टक्के मिळतात, आणि रिफ्टनमधल्या मारा देवीच्या मंदिरातले प्रेमिकांची मने जुळवण्याचे काम पूर्ण केले की आणखी १५ टक्के मिळतात. ही झाली ७० टक्क्यांची बेरीज, तीही कोणत्याही वंशाला मिळणारी. ब्रेटन असाल तर ती ९५ होते, पण खेळाने कमाल मर्यादा ८५ टक्क्यांची घातलेली आहे, त्यामुळे वरचे १० टक्के वाया जातात. ब्रेटनचा खरा फायदा एवढाच की त्याला हे संरक्षण पहिल्या दिवसापासून असते आणि लॉर्ड स्टोनवर अडकून न राहता तो दुसरा एखादा स्टोन घेऊ शकतो.

आता तुमच्या तलवार-धनुष्याचे पाहू. तुमच्यासाठी मी रेडगार्ड सुचवतो. त्याचे एकहाती शस्त्रांचे कौशल्य २५ पासून सुरू होते, तर धनुर्विद्या, ढाल आणि लोहारकाम ही तिन्ही २० पासून. त्याची दिवसातून एकदा वापरायची शक्ती साठ सेकंदांसाठी स्टॅमिना दसपट वेगाने भरून काढते, म्हणजे समोरासमोरच्या झुंजीत जोरकस वार थांबवावे लागत नाहीत. लपतछपत, अंधारातून बाण सोडत खेळायचे असेल तर खजीट घ्या, कारण त्याचे लपण्याचे कौशल्य २५ पासून आणि धनुष्य व तलवार दोन्ही २० पासून सुरू होतात. खेळ जिथे सुरू होतो त्या हेल्गेनमधून सुटून रिव्हरवुड या गावाकडे जाताना वाटेत तीन गार्डियन स्टोन लागतील. त्यांतला वॉरियर किंवा थीफ निवडा, म्हणजे त्या गटातली कौशल्ये २० टक्के अधिक वेगाने वाढतील. आज रात्रीच सुरुवात करा.

प्रश्न : मी नॉर्ड घेतला आणि आता साठ तासांनंतर माझे पात्र पूर्णपणे जादूगार झाले आहे. आल्टमर घ्यायला हवा होता, असे सारखे वाटते. आता वंश बदलता येतो का, की सगळे पुन्हा पहिल्यापासून? (एक वाचिका, कोल्हापूर)

उत्तर : खेळाच्या आतून वंश बदलता येत नाही. याच मालिकेतल्या २००६ सालच्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये पहिल्या भुयारातून बाहेर पडताना खेळ थांबून विचारत असे की वंश, जन्मनक्षत्र किंवा पेशा बदलायचा आहे का, ती सोय फार शहाणपणाची होती. स्कायरिममध्ये ती राहिली नाही. ‘डॉनगार्ड’ ही जोड घेतलेली असेल तर रिफ्टनच्या रॅग्ड फ्लॅगनमध्ये गालाथिल नावाची बाई १००० सोन्याच्या नाण्यांत चेहरा बदलून देते, पण वंशाला ती हात लावत नाही. संगणकावर खेळत असाल तर कन्सोल (खेळातच आज्ञा टाइप करण्याची चौकट) उघडून आज्ञा देता येते. मात्र तिच्यामुळे पात्राचे जमवलेले आकडे बिघडण्याचा धोका असतो, म्हणून आधी वेगळा सेव्ह करून ठेवल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

मी मात्र तुम्हाला नॉर्ड सोडू नका असेच सांगेन. आल्टमरची जास्तीची ५० मॅजिका म्हणजे नेमके काय? प्रत्येक लेव्हलला १० गुण मिळतात, म्हणजे पाच लेव्हलची कमाई. साठ तासांत तुम्ही त्याच्या कितीतरी पुढे गेला असाल. शिवाय एन्चांटिंग (वस्तूंवर मंत्र चढवण्याचे कौशल्य) १०० पर्यंत नेऊन पर्क घेतले की शिरस्त्राण, अंगरखा, अंगठी आणि गळ्यातला हार या चारही वस्तूंवर डिस्ट्रक्शन या हल्ल्याच्या जादूचा खर्च प्रत्येकी २५ टक्के कमी करणारा मंत्र चढवता येतो. चार वेळा पंचवीस म्हणजे शंभर. त्या जादूला मॅजिका लागतच नाही. तिथे पोहोचल्यावर आल्टमरचा गुण आणि तो नसण्याचा तोटा दोन्ही सारखेच शून्य होतात. तुमचा नॉर्ड मात्र बर्फाची जादू करणाऱ्या शत्रूपुढे निम्माच मार खात उभा राहतो, आणि ती गोष्ट आल्टमरला आयती मिळालेली नाही. स्कायरिमसारख्या गारठलेल्या मुलखात, जिथे थडग्यांमधले ड्रॉगर, म्हणजे चालते-फिरते मुडदे, बर्फाचा श्वास सोडतात, तिथे हे काही थोडे नाही.

प्रश्न : मला आकड्यांत रस नाही. मी कोण आहे यावरून तिथली माणसे माझ्याशी वेगळी वागली पाहिजेत. असा कोणता वंश आहे? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटला, कारण मीही वंश याच कारणासाठी निवडतो.

सुरुवात हेल्गेनलाच होते. बेड्या घातलेल्या कैद्यांच्या रांगेपुढे हॅडवार हा साम्राज्याचा सैनिक हातातली यादी घेऊन उभा असतो. यादीत तुमचे नाव नसते, म्हणून तो तुम्हाला ‘तू कोण?’ असे विचारतो आणि निवडीचा पडदा तेव्हा उघडतो. तुम्ही जो वंश घ्याल त्याप्रमाणे त्याच्या तोंडचे पुढचे वाक्य बदलते. खजीटला तो व्यापारी तांड्याबरोबर आलास का असे विचारतो, तर आर्गोनियनला रिफ्टनच्या गोदीतल्या कामगारांपैकी कुणाचा नातेवाईक आहेस का असे. मृत्युदंडाच्या रांगेत विचारलेला हा साधा प्रश्न त्या देशात तुमच्या वंशाकडे कसे पाहतात ते एका वाक्यात सांगून टाकतो.

मी एकदा खजीट घेऊन व्हाइटरनला गेलो. शहराच्या तटाबाहेर री’साद या खजीट व्यापाऱ्याच्या तांड्याचे तंबू लागलेले होते. त्याच्याशी बोलल्यावर कळते की खजीटांना शहरात शिरू देत नाहीत, म्हणून ही मंडळी तटाबाहेर उघड्यावर राहून व्यापार करतात. तिथून मी वेशीकडे गेलो. पहारेकऱ्याने अडवले, पण ते ड्रॅगनच्या भीतीने शहर बंद असल्यामुळे. नॉर्डलाही तो तसाच अडवतो. रिव्हरवुडने यार्लकडे, म्हणजे तिथल्या सरदाराकडे, मदत मागितली आहे एवढे सांगितले आणि दार उघडले. माझेच भाईबंद बाहेर थंडीत बसलेले आणि मी आत! त्या क्षणी खेळाने मला काहीतरी बोलायला हवे होते, कुणीतरी हटकायला हवे होते. तसे झाले नाही. ही स्कायरिमची मोठी उणीव आहे आणि ती मला आजही खटकते. लढाईत डाकू तुमच्या कातड्याचा गालिचा करण्याची धमकी देतात, पण बंद दार तुमच्या वाट्याला येत नाही.

विंडहेल्म या दुसऱ्या शहरात हीच गोष्ट अधिक धारदार होते. शहरात शिरताच दोन नॉर्ड एका डनमर बाईला हेर म्हणून हिणवताना दिसतात. रेड माउंटन ज्वालामुखीच्या स्फोटानंतर देशोधडीला लागलेले डनमर इथल्या ग्रे क्वार्टर या कोंदट वस्तीत राहतात आणि आर्गोनियनांना तर तटाबाहेर, गोदीवरच राहावे लागते. तुम्ही डनमर असाल तर तो वेशीजवळचा प्रसंग बघ्याचा राहत नाही. हिणवणाऱ्यांपैकी रोल्फ या इसमाशी १०० नाण्यांची पैज लावून हातघाईची मारामारी करता येते, आणि डनमर म्हणून ती करताना जे समाधान मिळते ते नॉर्ड म्हणून मिळत नाही. तरीही त्याच शहरात बसलेला बंडखोर नॉर्डांचा नेता उल्फ्रिक डनमरलाही आपल्या सैन्यात घेतो, आणि कथा तिथे पुन्हा सैल पडते.

वागणुकीतला फरक सर्वांत ठोसपणे हवा असेल तर ऑर्क घ्या. डोंगरांत ऑर्कांच्या चार गढ्या आहेत : मोर खाझगुर, नारझुलबुर, दुश्निख याल आणि लार्गाशबुर. इतर वंशांच्या माणसाला आत जाण्यासाठी आधी त्यांचे काम करून रक्ताचा भाऊ व्हावे लागते. ऑर्कला कुणी काही विचारत नाही. तो घरचाच असतो. आल्टमर घेतलात तर याची दुसरी बाजू दिसेल : थॅल्मोर या आल्टमर सत्ताधाऱ्यांच्या वकिलातीत त्यांचा झगा घालून फिरताना पहारेकरी तुम्हाला आपल्यातलाच समजतात आणि जिथे इतरांना लपतछपत जावे लागते तिथून तुम्ही चालत जाऊ शकता. ज्यांचा लोक द्वेष करतात त्यांच्यात सहज मिसळून जाण्याची ती अस्वस्थता फार थोड्या खेळांत मिळते. तुमच्या पत्रावरून मी तुम्हाला ऑर्कच सुचवेन, आणि पहिल्याच दिवशी दुश्निख यालची वाट धरा असे सांगेन.

प्रश्न : स्कायरिम मनसोक्त खेळून झाला. आता ‘बाल्डर्स गेट ३’ घेतला आहे. इथेही वंशाचा एवढा विचार करावा का? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : लॅरियनच्या या खेळात, जो ऑगस्ट २०२३ मध्ये आला, गुणांची भर वंशाला बांधलेली नाही, +२ आणि +१ तुम्ही कुठेही ठेवू शकता. त्यामुळे इथे विचार करायचा तो दोनच गोष्टींचा. पहिली, अंधारात दिसणे : माणूस, हाफलिंग, ड्रॅगनबॉर्न आणि गिथयांकी या वंशांना ती दृष्टी नाही आणि पहिल्या अंकातल्या तळघरांत ते जाणवते. दुसरी, संवाद, आणि त्यांत ड्रौ या वंशाला तोड नाही. गॉब्लिन ड्रौंना घाबरतात, त्यामुळे जिथे इतरांना फासे टाकून नशीब आजमावावे लागते तिथे ड्रौला वाट मोकळी मिळते. पेशा चुकला तर तळावरचे विदर्स हे पात्र १०० नाण्यांत तो बदलून देतो, पण वंश बदलून देत नाही. म्हणून वंश आधी ठरवा; पेशाचे नंतर पाहता येईल.