सकाळची सून, संध्याकाळची सून

प्रश्न: मी फोंडा तालुक्यातील एका खेड्यात राहते. माझी 31 वर्षांची सून सकाळी उठून सगळे आवरते आणि दिवेलागणीला भिंतीला टेकून बसते. वर्षभर मी ह्याला आळस म्हणत आले आणि शेजारणींपाशीही तसेच बोलले. माझ्याशी बोलताना ती हसत नाही, तोंड वेंगाडते, असेही मला वाटे. आता डॉक्टरांनी मायस्थेनिया ग्रेव्हिस असे निदान केले आहे. दिवसातून चार वेळा गोळी चालू आहे आणि छातीतील थायमस काढण्याची शस्त्रक्रिया सुचवली आहे. पापणी पडते म्हणून छाती का उघडायची, हे मला कळत नाही. तिला काम सांगितले तर मला पाप वाटते, न सांगितले तर ती चिडते. गणेशाची चवथ दीड महिन्यावर आली आहे, दोन्ही लेकी येतील. मी काय करावे? — एक सासू

उत्तर: सप्रेम नमस्कार.

सून तोंड वेंगाडते, ह्या तुमच्या वाक्यापाशी मी थांबले. ह्या आजारात ओठांचे कोपरे वर उचलणारे स्नायू दुबळे होतात, मधला ओठ तेवढा वर जातो, आणि मनापासून आलेले हसू समोरच्याला दात विचकल्यासारखे दिसते. म्हणजे वर्षभर ती तुमच्याकडे पाहून हसतही असेल आणि तुम्हाला ते कळले नसेल. हे तुम्हाला टोचावे म्हणून लिहीत नाही. सकाळी धडधाकट दिसणारे माणूस दुपारनंतर गळून जाते, तपासणीच्या खोलीत विश्रांती घेऊन बसलेले असताना पुन्हा बरे दिसते, आणि त्यामुळे ह्या आजाराच्या निदानाला जाणत्या डॉक्टरांकडूनही कधी कधी महिनोन्‌महिने लागतात. तुमच्याकडून जे बोलले गेले त्याची दुरुस्ती कशी करायची ते शेवटी सांगते. आधी आजार समजून घेऊ, कारण तो समजला की तुमचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील.

आपल्या गावात पहाटे पदेर पाव घेऊन येतो, तसा मज्जातंतू स्नायूपाशी अ‍ॅसिटिलकोलीन नावाचे रसायन घेऊन येतो, आणि ते स्नायूच्या दारांवर पोचले की स्नायू आखडतो. पदेराची टोपली प्रत्येक फेरीगणिक थोडी हलकी होते, पण निरोगी शरीरात दारे इतकी असतात की त्याने काही बिघडत नाही. तुमच्या सुनेच्या शरीरात मात्र रोगप्रतिकारक यंत्रणेने चुकून ह्याच दारांविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली आहेत आणि पुष्कळ दारे बंद पाडली आहेत. पहिल्या फेऱ्यांना काम निभते, पुढच्या फेऱ्यांना निभत नाही. विश्रांती घेतली की टोपली पुन्हा भरते. एकच काम ती सकाळी सहज करते आणि संध्याकाळी करू शकत नाही, ह्यात ढोंग नाही. हीच ह्या आजाराची ओळख आहे. तिची गोळी बहुधा पायरिडोस्टिग्मिनची असावी. ते औषध हे रसायन लवकर मोडू देत नाही, त्यामुळे आहे तेवढा साठा जास्त वेळ पुरतो. अर्ध्या ते एका तासात गुण दिसतो आणि तीन-चार तासांनी उतरू लागतो. पोटात कळा येणे, जुलाब, लाळ सुटणे हे तिचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. ‘पोट बिघडले’ म्हणून गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे.

ह्यातून घरापुरता एक नियम निघतो. तिला काम सांगावे की नाही, हा प्रश्नच चुकीचा आहे. ते कोणत्या वेळी सांगावे, हे विचारायला हवे. ती चिडते ते बहुधा तुम्ही तिला कामातून वगळता म्हणून. ‘हे तुला जमेल का?’ असे विचारण्याऐवजी ‘हे आता करायचे की गोळीनंतर?’ असे विचारा आणि उत्तर तिच्यावर सोडा. नारळ आदोळीवर खवणे, केस विंचरणे, उंच दोरीवर कपडे वाळत घालणे ही हात सतत उचललेले ठेवणारी कामे तिला सर्वांत जड जाणार. ती इतरांनी घ्यावीत किंवा तिने बसून, मध्ये थांबत करावीत. उष्णतेने ही दुर्बलता वाढते. चुलीजवळचे काम आणि कढत पाण्याची आंघोळ टाळावी, आणि मे महिन्याच्या दुपारी तिला पंख्याखाली पडू द्यावे. वस्तू दोन दिसत असतील त्या दिवशी तिने स्कूटरला हात लावू नये, ह्याबाबत मात्र मी तुम्हाला कठोर व्हायला सांगेन.

जेवणाकडे अधिक लक्ष द्या. चावण्या-गिळण्याचे स्नायूही थकतात, म्हणून मोठे जेवण दुपारी ठेवावे आणि गोळी आधी अर्धा ते पाऊण तास घेऊन ते गुण चढलेला असताना व्हावे. उकड्या तांदळाची पेज उत्तम, पण दाट. पातळ पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. कडक पाव आणि चिवट मांस त्रास देतात. जेवताना तिच्याशी बोलू नका आणि तिलाही बोलायला लावू नका. गप्पांशिवाय जेवण आपल्याला जमत नाही हे मला माहीत आहे, पण ठसका लागण्यापेक्षा शांतता बरी.

आता छातीचा प्रश्न. थायमस ही छातीच्या हाडामागची ग्रंथी लहानपणी मोठी असते आणि वयानुसार आक्रसते. प्रतिकार करणाऱ्या पेशी तेथे घडतात, आणि ह्या आजारात चुकीचे शिक्षण तेथेच मिळते असे मानले जाते. सुमारे 10 ते 15 टक्के रुग्णांमध्ये तेथे गाठ असते आणि ती काढावीच लागते. गाठ नसतानाही उपयोग होतो: 126 रुग्णांवरील जो आंतरराष्ट्रीय अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात फक्त स्टेरॉइड घेणाऱ्यांपेक्षा शस्त्रक्रियाही झालेल्यांची दुर्बलता तीन वर्षांत कमी राहिली आणि त्यांना स्टेरॉइडही कमी लागले. गुण यायला महिने, कधी वर्षेही लागतात. शस्त्रक्रिया घाईची नसते, प्रकृती स्थिर असताना ठरवून केली जाते, आणि तिला ती लागू आहे की नाही हे कोणत्या प्रतिपिंडामुळे आजार झाला आहे ह्यावरही अवलंबून असते. हा प्रश्न घेऊन सुनेबरोबर डॉक्टरांकडे जरूर जा, मात्र निर्णय तिचा.

औषधांची गोष्ट तुम्ही स्वतः पाठ करावी असे मला वाटते, कारण तापात किंवा घाईत फार्मसीत जाणारी तुम्हीच असाल. सिप्रोफ्लॉक्सासिन, अ‍ॅझिथ्रोमायसिन, जेंटामायसिन यांसारखी प्रतिजैविके, रक्तदाबासाठीची बीटा-ब्लॉकर औषधे (काचबिंदूच्या काही थेंबांतही तीच असतात), क्विनीन आणि शिरेतून दिलेले मॅग्नेशियम ह्यांनी हा आजार अचानक बळावू शकतो. पार्ट्यांमध्ये मिळणाऱ्या टॉनिक वॉटरमध्ये क्विनीन असते, तेही नको. दाताचे डॉक्टर असोत की भूल देणारे, आजाराचे नाव त्यांच्या कानावर आधी जायला हवे. एका कागदावर आजाराचे नाव, चालू औषधे आणि टाळायची औषधे लिहून तो तिच्या पर्समध्ये ठेवा.

सर्वांत मोठा धोका श्वासाचा. आडवे झोपता न येणे, लाळ गिळता न येणे, खोकल्यात जोर न राहणे, बोलताना वाक्य अर्धे तुटणे, ह्यांपैकी काही दिसले तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. 108 ला फोन करा आणि बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात न्या. बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायू ठीक दिसला तरी फसू नका, ह्या आजारात तो आकडा फार उशिरा उतरतो. चांगल्या दिवशी ती एका श्वासात मोठ्याने किती आकडे मोजते ते वहीत टिपून ठेवा. तो आकडा एकदम 20 च्या खाली आला, तर ते कारण पुरेसे समजा. योग्य वेळी पोचलेल्या रुग्णासाठी रक्तद्रव बदलणे आणि शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देणे हे परिणामकारक उपाय आहेत, आणि बहुतेक जण त्यातून बाहेर येतात.

राहिली चवथ. गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी बांधायला तिला स्टुलावर चढवू नका. नेवऱ्यांचे सारण आणि पारी आदल्या दिवशी सकाळी तिच्या हातून होऊ द्या, तळणे लेकींनी करावे. खतखत्याच्या भाज्या चिरायच्या तर बसून, आणि त्याही सगळ्या नाहीत. संध्याकाळची आरती तिच्या सर्वांत वाईट वेळी येते, घुमट वाजू लागले की आपल्याकडे ती लवकर संपतही नाही. तिच्यासाठी भिंतीजवळ खुर्ची ठेवा, आणि आवाज नाकात गेला म्हणून ती गप्प राहिली तर राहू द्या.

लेकींना हे सगळे त्या उंबऱ्यात येण्याआधी, फोनवरच सांगा. विश्वास बसत नसेल तर सुनेच्या परवानगीने तिला दोन मिनिटे आढ्याकडे टक लावून बसायला सांगा. पापण्या कशा हळूहळू उतरतात ते सर्वांना दिसेल. शेजारणींपाशी मात्र तुम्हालाच जावे लागेल, आणि ज्या पायरीवर बसून तिला आळशी म्हटलेत त्याच पायरीवर बसून ‘माझे चुकले होते’ एवढे बोलावे लागेल. सुनेला त्याविषयी आधी काही सांगू नका. गाव लहान आहे, तिच्या कानावर ते दोन दिवसांत जाईल.